रिट्रीट की एए? दारू सोडायला निघालेल्या कॅथलिक माणसासाठी

घरातला माणूस एकदाचा "सोडतो" म्हणाला की कॅथलिक घरात दोन सल्ले एकाच वेळी येतात. मावशी म्हणते, येत्या रविवारी रिट्रीटला, म्हणजे पाच-सहा दिवसांच्या निवासी प्रार्थना शिबिराला, पाठवा. आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर कुणीतरी बाजूला घेऊन हळूच सांगतो, हॉलच्या मागच्या खोलीत मंगळवारी एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या आपसातल्या गटाची, मीटिंग असते.

मी निवड केली ती दुसऱ्या वाटेची, तेव्हा पुढचं सगळं तो कल गृहीत धरूनच वाचावं. रिट्रीटमधून उठून पुन्हा कधी न प्यालेली माणसं आहेत आणि त्यांच्याशी वाद घालायचं मला काही कारण नाही.

रिट्रीटची ताकद म्हणजे ती माणसाला उचलून नेते. पाच-सहा दिवस बार, मित्र, पगाराची तारीख आणि घरची भांडणं यांपासून तो लांब राहतो. वर्षानुवर्षं मिस्सेला दाराबाहेरच उभा राहणारा माणूस तिथे पापनिवेदनाला बसतो. हे एएच्या खोलीत होत नाही आणि होणारही नाही, कारण तिथे चर्चचे संस्कार (सॅक्रामेंट) नाहीत.

पण रिट्रीटचं वेळापत्रक आणि शरीराचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहा. रोज पिणाऱ्याने शेवटचा पेग शनिवारी रात्री घेतला असं धरू. हात थरथरणं, घाम, उलट्या हे सहा ते चोवीस तासांत, म्हणजे रविवारी. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत. आणि ज्याला डॉक्टर डीटी म्हणतात ते, म्हणजे भ्रम, नसलेली माणसं दिसणं, ताप, छातीत धडधड, हे साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान. सोमवार रात्र ते बुधवार रात्र, रिट्रीटच्या ऐन मध्यावर. डॉर्मिटरीत रात्री दोन वाजता माणूस भिंतीवरचे किडे झटकू लागला तर शेजारचा आधी रोझरी (जपमाळ) हातात घेतो, ॲम्ब्युलन्सचं नंतर सुचतं. सैतानाचा हल्ला म्हणून प्रार्थना चालू राहते आणि ज्या दुखण्याने माणूस दगावू शकतो त्यावर उपचारच होत नाहीत. त्यात त्याने भक्तिभावाने उपास धरला तर आणखी वाईट. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व आधीच कमी असतं, साखरही घसरते.

म्हणून रिट्रीट असो वा एए, आधी पाच ते सात दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली डिटॉक्स. एएची मीटिंगही थरथर थांबवत नाही. सकाळी उठल्याबरोबर दारू लागणारा, पूर्वी कधी फिट आलेला किंवा लिव्हर बिघडलेला माणूस असेल तर यात तडजोड नको. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, एकदम बाटली बंद करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आणि "चाळीस दिवस सोडू शकतो म्हणजे मी व्यसनी नाही" हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद ईस्टरच्या जेवणापर्यंतच टिकतो.

हे झालं सुरक्षिततेचं. डिटॉक्स आधी उरकला तर या मुद्द्यावर दोन्ही वाटा बरोबरीत येतात. माझा काटा झुकला तो वेगळ्याच गोष्टीने: शेवटच्या दिवसाची साक्ष.

रिट्रीट संपताना लोकांना पुढे बोलावतात. दारू सोडलेला माणूस माईकसमोर उभा राहतो आणि म्हणतो, "प्रभूने मला दारूच्या बंधनातून मुक्त केलं." टाळ्या, आलेलूया. त्या क्षणी तो खोटं बोलत नसतो. पण त्याला न पिता झालेले असतात पाच दिवस, तेही बाटली हाताला न लागणाऱ्या जागेत. सोमवारी तो कामावर जातो, पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न येतं, आणि गावातल्या लग्नात ग्लास कसा हातात येतो ते वेगळं सांगायला नको. आता प्याला तर नुसता प्याला असं होत नाही. प्रभूने दिलेलं वरदान त्याने फेकलं, असं होतं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच उद्या मिस्सेला शेजारी बसणार. मग तो मिस्सेलाच जात नाही, फादर समोरून आले की गल्ली बदलतो, आणि जिथे परत जायला हवं तीच जागा त्याच्यासाठी बंद होते. घरचे म्हणतात, श्रद्धा कमी पडली. पुढच्या वर्षी पुन्हा रिट्रीट, पुन्हा साक्ष, या वेळी आवाज थोडा बारीक.

एएत याच प्रसंगाला "स्लिप" म्हणतात. माणूस परत येतो, नाव सांगतो, "आज माझा पहिला दिवस" म्हणतो, लोक टाळ्या वाजवतात आणि चहा पुढे करतात. टाळ्या तिथेही आहेत, पण परत आल्याच्या. कुणी बरा झाल्याचं जाहीर करतच नाही. वीस वर्षं न प्यालेलाही आजच्या चोवीस तासांचंच बोलतो. माझ्या मते एवढा एकच फरक सगळ्या वेळापत्रकांपेक्षा जड आहे.

ही रीत कॅथलिकांना परकी नाही. डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट (१८५६–१९२५), ज्याला १९७५ साली पोप पॉल सहावे यांनी "व्हेनरेबल" (संतपदाच्या वाटेवरची एक पायरी) घोषित केलं, त्याने १८८४ मध्ये घेतलेली पहिली शपथ होती फक्त तीन महिन्यांची. पुढची नंतर, आजन्म शेवटी. अक्रन शहरातल्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये १९३९ पासून दारुड्यांना दाखल करून घेणाऱ्या सिस्टर इग्नेशिया घरी निघालेल्या पेशंटच्या हातावर येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला ठेवायच्या. अट एकच: पहिला घोट घेण्याआधी हा मला आणून दे. बरा झालास असं त्या म्हणत नव्हत्या, परत यायची वाट तेवढी उघडी ठेवत होत्या.

एएबद्दल फादरांकडे नेहमी जाणारी तक्रार म्हणजे हे प्रोटेस्टंट आहे, आणि तिथे देवाऐवजी म्हणतात ती "हायर पॉवर" म्हणजे कुठला देव? १९३५ साली एए सुरू करणारे दोघे प्रोटेस्टंट वळणाचे होते हे खरं. पण सेंट लुईसचे जेझुइट फादर एड डाउलिंग १९४० मध्ये संस्थापक बिल यांना जाऊन भेटले ते याच कारणाने, की दारू सोडण्यासाठी एए सांगते त्या बारा पायऱ्या त्यांना जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेच्या जवळच्या वाटल्या. "हायर पॉवर"च्या जागी तुम्ही प्रभू येशूचं नाव घ्या, कुणी अडवत नाही. दुसऱ्यावर मात्र ते लादायचं नाही. मीटिंग तासा-दीड तासाची, वर्गणी नाही, टोपली फिरते तीत जमेल ते टाकायचं. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा हा जुना सल्ला आहे. नोकरी करणाऱ्याला तो जमेलच असं नाही, पण आठवड्याला एकच मीटिंग हे सुरुवातीला हमखास कमी पडतं.

एएचे त्रासही आहेत. काही मीटिंगांत तेच तेच किस्से ऐकावे लागतात. गोळ्या बंद कर म्हणणारा स्पॉन्सर (नव्याला हात देणारा जुना सदस्य) भेटला तर स्पॉन्सर बदला, गोळ्यांचं डॉक्टर ठरवतील. आणि आपल्या पॅरिशमध्ये (चर्चच्या परिसरात) अनामिक राहणं अवघडच. वसईचा माणूस वसईच्या हॉलमध्ये शिरला तर तेर्स (संध्याकाळची रोझरी) सुरू व्हायच्या आत घरोघर कळतं. सुरुवातीला दोन-तीन स्टेशनं पुढची मीटिंग धरावी.

गोंधळ होतो तो पाचव्या पायरीला. देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप कबूल करायचं, अशी ती पायरी. ती म्हणजे पापनिवेदन नव्हे. पापनिवेदनात पापं सांगायची आणि क्षमा घ्यायची. पाचव्या पायरीत रागाचा, भीतीचा, पैशांच्या लबाडीचा लेखी हिशेब वाचायचा, आणि त्याला दोन-तीन तास लागतात. शनिवारी संध्याकाळी मागे रांग असताना हे करायला बसू नका, फादरांची वेगळी वेळ मागा आणि कशासाठी ते आधी सांगा. फादरांपुढेच करत असाल तर हे पापनिवेदन म्हणून आहे हे सुरुवातीलाच स्पष्ट करा, म्हणजे चर्चच्या कायद्यातल्या कॅनन ९८३ची गुप्तता त्याला लागू होते. स्पॉन्सरवर असं बंधन नसतं, तेव्हा पोलिसांपर्यंत जाऊ शकेल अशी बाब त्याच्यापाशी बोलू नये. उलट रात्री अकराला तलफ आली तर फोन उचलतो तो बहुधा स्पॉन्सरच.

पुन्हा प्यालो म्हणजे महापाप झालं का, याचं एका वाक्यातलं उत्तर सांगणाऱ्यापासून जपून राहा. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या परिच्छेद १७३५ नुसार सवय आणि अनावर आसक्ती यांनी कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी उरतही नाही. फादरांना थेट विचारा आणि त्याच आठवड्यात पापनिवेदन करा.

दोन्ही हवं आणि घरी राहून जमत नाही, अशांसाठी निवासी केंद्रं आहेत. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात सुरू केलेली कृपा फाउंडेशन बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड देते.

रिट्रीट मी नको म्हणत नाही, नंतर म्हणतो. पाच-सहा महिने न पिता गेले, स्पॉन्सर आहे, परतल्यावर बुधवारची मीटिंग ठरलेली आहे, अशा माणसाला रिट्रीट खूप देऊन जाते. साक्षीला बोलावलं तर नम्रपणे जागेवर बसून राहावं.

एक बारीक पण नेहमी राहून जाणारी गोष्ट. डायसल्फिरामची गोळी (वर दारू प्याली तर त्रास होतो ती) चालू असेल, किंवा बंद करून चौदा दिवस झाले नसतील, तर मिस्सेतला द्राक्षारसही नको. एरवी आपल्याकडे फक्त हॉस्टिया (पवित्र भाकर) मिळते, पण लग्नाच्या किंवा रिट्रीटच्या मिस्सेत ती द्राक्षारसात बुडवून देतात. भाकर किंवा द्राक्षारस, कुठल्याही एका रूपात ख्रिस्त पूर्णच असतो असं ट्रेंटच्या परिषदेने १५६२ सालीच सांगितलं आहे, त्यामुळे संकोच नको. मिस्सेआधी सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत) जाऊन "मला न बुडवलेली द्या" एवढं सांगावं. आणि ही गोळी नवऱ्याच्या आमटीत गुपचूप घालणाऱ्या घरच्यांनी ते आजच थांबवावं. न कळत वर दारू गेली तर रक्तदाब कोसळून माणूस हॉस्पिटलात पोचतो.