होंडा सिटीला १० मिमी स्पेसर आणि लांब स्टड : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्याकडे २०११ ची होंडा सिटी आहे. तिला साडेसहा इंच रुंदीचे, ५० ऑफसेटचे (म्हणजे रिम गाडीला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून ५० मिमी बाहेरच्या अंगाला असलेले) अलॉय आणि १९५ रुंदीचे टायर बसवले, तेव्हा पुढच्या टायरची आतली बाजू शॉकअबला इतकी जवळ आली की मधून करंगळीही जाईना. मागे भरपूर जागा होती, त्यामुळे स्पेसर, म्हणजे रिमच्या मागे बसवून चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, फक्त पुढच्या दोन चाकांना लावायचे ठरले.

पहिला प्रयत्न फसला. नाशिकमधल्या एका दुकानात ५ मिमीच्या सपाट चकत्या कंपनीच्या मूळ स्टडवरच (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या आट्यांच्या दांड्यांवर) बसवून दिल्या गेल्या. घरी येऊन मी नट हाताने फिरवून मोजले, तर जेमतेम सहा फेरे भरले. या गाडीचा स्टड १२ मिमी जाडीचा आणि १.५ मिमी पिचचा आहे, म्हणजे एका फेऱ्यात नट १.५ मिमी पुढे जातो; निदान स्टडच्या जाडीइतके आटे नटात गुंतावेत असा साधा हिशेब धरला, तरी आठ फेरे हवेत. शिवाय मुंबई महामार्गावर ताशी ८५ किमीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरणाऱ्या भागाच्या, मध्यभागी ५६.१ मिमी व्यासाची जी कड असते, तिच्यावर रिम केंद्रात बसते. सपाट चकतीने ती कडच झाकून टाकली होती आणि चाक केवळ नटांच्या भरवशावर उभे होते. त्याच दिवशी चकत्या काढून ठेवल्या.

मग नाशिकच्याच अंबड भागातल्या एका लेथवाल्याकडून १० मिमीचे ॲल्युमिनियमचे स्पेसर करून घेतले. आतून हबच्या कडेवर घट्ट बसणारे भोक आणि बाहेरून रिमच्या भोकाच्या मापाची स्वतःची कड, हीच माझी मुख्य अट होती. स्टड मूळ मापापेक्षा १५ मिमी लांब घेतले. लांब स्टड मागून घालायला जागा मिळेना, म्हणून हब प्रेसवर बाहेर काढावा लागला आणि त्याबरोबर बेअरिंगची आतली रिंगही निघून आली. त्यामुळे दोन्ही बाजूंना नवे बेअरिंग टाकावे लागले. हा खर्च मी धरलेला नव्हता, पण हातोडीने स्टड ठोकून हब आणि बेअरिंगला मार बसण्यापेक्षा तो परवडला. बसवण्याआधी हबचा स्पेसर टेकणारा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून गंज पूर्ण काढला, कारण मधे एक पापुद्रा राहिला तरी स्पेसर तिरका बसतो.

सर्वात धोक्याची गोष्ट त्यानंतर घडली. माझे नट टोकाला बंद असलेले, टोपीचे होते. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला नट आवळून टक् करणारा पाना) १०८ न्यूटन-मीटरला टक् करून थांबला, सगळे ठीक वाटले. पण चाक दोन्ही हातांनी हलवताच आत किंचित खडखडले. स्टड लांब झाल्यामुळे त्याचे टोक टोपीच्या तळाला टेकले होते आणि नट रिमवर दाबलाच गेला नव्हता. आरपार आट्यांचे नट आणले, तेव्हा प्रत्येकाचे नऊ-दहा फेरे भरले. ६० किमीनंतर पुन्हा पाहिले तर डाव्या चाकाचा एक नट थोडा फिरला. त्यानंतर एकही हललेला नाही. तरीही दर महिन्याला मी रेंच लावतोच.

नऊ महिन्यांत गाडी सुमारे ८,००० किमी चालली आहे. टायर आता कुठेही घासत नाही आणि थरथर पूर्ण गेली आहे. कसारा घाटाच्या वळणांवर गाडी अधिक ठाम वाटते, मात्र त्याचे श्रेय रुंद टायरला अधिक द्यावे असे मला वाटते. उणे बाजूही आहे : नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या खड्ड्यांतून जाताना स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जास्त ओढ घेते, कारण चाक बाहेर सरकल्याने खड्ड्याच्या धक्क्याला वळवण्यासाठी लांब हात मिळतो, आणि बेअरिंगवरचा भारही त्याच कारणाने वाढतो. पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्यावर दारांवर चिखल जास्त उडाला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर मर्यादा आहेत, तेव्हा काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही विचारून घ्यावे.

स्टेपनीचा विचार बहुतेक जण विसरतात. होंडाच्या लोखंडी रिमला गोल बुडाचे नट लागतात, तर माझ्या अलॉयला शंकूच्या आकाराचे. म्हणून गोल बुडाचे, पण आरपार आट्यांचे चार नट आता डिकीत जॅकच्या पिशवीत कायम असतात.