अंबाजोगाईतल्या वाचनालयाचा उन्हाळी वर्ग : एका पालकाचा अभिप्राय

आमची मुलगी यंदा तिसरी संपवून चौथीत गेली. सुट्टीच्या दीड महिन्यात वर्षभर शिकलेले विसरू नये, एवढ्याच हेतूने आम्ही तिला घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयाने मे महिन्यात चालवलेल्या उन्हाळी वर्गात घातले. चार आठवडे, सकाळी साडेसात ते साडेनऊ, शुल्क ३०० रुपये आणि त्यातच बालविभागाचे महिनाभराचे सभासदत्व. शिकवणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत.

गेल्या वर्षी आम्ही बाजारातून एक गुळगुळीत कागदाची सुट्टी-कार्यपुस्तिका आणली होती. तिच्यातली चित्रे रंगवून दोन दिवसांत झाली आणि बाकीची पाने जूनपर्यंत कोरीच राहिली. गावातल्या शिकवण्यांचा भर पुढच्या इयत्तेचा अभ्यासक्रम आधीच उरकण्यावर असतो. या वर्गात मात्र चौथीचे पुस्तक उघडलेच जात नाही. मागच्या इयत्तांचे जे कच्चे आहे तेच पुन्हा घडवून घेतले जाते, आणि माझ्या मते या वर्गाची खरी किंमत इथेच आहे.

पहिल्या दिवशी बाईंनी एकेका मुलाला शेजारी बसवून वाचायला लावले. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या, मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून जी पद्धत वापरतात, तशीच अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशी चढती पायरी होती. आमची मुलगी गोष्ट सहज वाचून गेली; अडली ती वजाबाकीत. ५०३ मधून २६७ वजा करताना तिने प्रत्येक ठिकाणी मोठ्या अंकातून लहान अंक काढला आणि उत्तर लिहिले ३६४. बाईंनी त्यावर फुली मारली नाही. खेळण्यातल्या शंभराच्या पाच नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी तिच्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, “यातले दोनशे सदुसष्ट मला दे बरं.” सात रुपये सुटे नाहीत आणि दहाची एकही नोट नाही, हे ध्यानात येताच तिने शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घेतल्या, त्यातली एक मोडून दहा नाणी घेतली, आणि २६७ देऊन झाल्यावर उरलेले पैसे मोजले तेव्हा ते २३६ भरले. शून्यावरून हातचा कसा घ्यायचा, हे तिला वर्षभर पाठ होते. पण शून्याच्या जागी ९ का येतात, हे तिला त्या दिवशी दिसले.

अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही उन्हाळी सुट्टीची झळ आकडेमोडीला आणि शब्दांच्या अचूक लेखनाला सर्वांत जास्त बसते, असेच दिसले होते. घरात गोष्टीचे पुस्तक हाती पडते, पण वजाबाकी कोणी आपणहून करत बसत नाही.

मराठी संख्यानामांवर बाईंनी दिलेला वेळही मला मोलाचा वाटला. ‘सत्तेचाळीस’ ऐकल्यावर सात आधी कानावर पडतो आणि मूल ७४ लिहून मोकळे होते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘चाळीस सात’ असे वाचन दिले, तेव्हा बरीच टीका झाली होती. इथे मुले दोन्ही प्रकारे म्हणतात, लिहितात आणि चुकले की एकमेकांना सांगतात.

वर्गात ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांतली पाच मुले होती आणि त्यांच्याकडून शुल्क घेतले नव्हते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघालेले आईवडील उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी येतात आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांची शाळा तेवढे महिने बुडते. त्यांच्यापैकी सहावीतला एक मुलगा पहिल्या दिवशी शब्दापाशीच थांबला होता; शेवटच्या आठवड्यात तो परिच्छेद अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचत होता. बीड जिल्ह्यात अशा वर्गाची गरज आमच्यासारख्यांपेक्षा या मुलांना कितीतरी अधिक आहे, आणि ती ओळखल्याबद्दल मी वाचनालयाचा मनापासून आभारी आहे.

उणिवाही आहेत. दुसरी ते सहावीची तीस मुले एकाच खोलीत बसतात, त्यामुळे बाई एकाकडे वळल्या की लहानांना बराच वेळ नुसते बसून राहावे लागते. निदान दोन गट करायला हवेत. छप्पर पत्र्याचे असल्याने नऊनंतर खोली तापते आणि वीज गेली की मुलांचे लक्ष टिकत नाही. वर्ग साडेसहाला सुरू करणे सहज शक्य आहे. लेखन सर्वांत दुबळे राहिले : रोज पाच ओळी शुद्धलेखन फळ्यावरून उतरवून घेतात, पण मुलांनी स्वतःच्या मनाचे काही लिहिले ते महिन्यातून दोनदाच. घरी एका वेळी एकच पुस्तक मिळते, ते आमच्या मुलीला एक दिवसही पुरत नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात तिला आम्ही पुन्हा पाठवणार आहोत आणि दिवाळीच्या सुट्टीतही असा आठवडाभराचा वर्ग घ्यावा, अशी विनंती वाचनालयाकडे केली आहे. नोंदणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वाचनालयातच होते. मुलाची जुनी गणिताची वही सोबत न्यावी. बाई ती पहिल्याच दिवशी मागतात.