मशीन झकास, पण पावसाळ्यात पीस उघड्यावर

पाचपैकी तीन स्टार. साताऱ्यातली ही टेस्टिंग लॅब, नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या महिन्यात परत तिथंच जायचंय.

माझी कुपवाड एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. एलएम-२५ या ओतकामाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूत सिलिकॉन कार्बाइडची (कडक सिरॅमिकची) पावडर ढवळून कंप्रेसरच्या कनेक्टिंग रॉडची ट्रायल चाललीय. एकाच मेल्टमधले बारा पीस फटीग टेस्टला (लोड देऊन फिरवत ठेवायचं आणि किती फेऱ्यांनी तुटतो ते बघायचं) दिले. सहा मे महिन्यात, सहा जुलैत.

मशीनबद्दल तक्रार नाही. ३००० आरपीएम, म्हणजे १ कोटी फेऱ्यांना साडेपंचावन्न तास. पीस रात्री तुटला तर काउंटर आपोआप थांबतो, आणि तुकडे चिठ्ठी लावून परत देतात. रेटही वाजवी.

मेमधले पाच पीस १ कोटी पार करून गेले. जुलैतले चार त्याच लोडला आधीच तुटले. रिपोर्टात एकच ओळ: कास्टिंग सदोष. मी भिंग घेऊन बसलो. एकात पावडरचा गठ्ठा होता, तो आमचाच दोष. बाकी तिघांची क्रॅक मात्र बाहेरच्या कातडीवरून, करड्या बारीक खड्ड्यातून निघालेली. एका खड्ड्याशेजारी बोटाचा ठसा स्पष्ट दिसत होता! पीस तीन आठवडे खिडकीजवळच्या टेबलावर उघडे पडले होते म्हणे. मीही ते नुसत्या पेपरात गुंडाळून दिले होते, ते सोडा.

घामातलं मीठ आणि ओल मिळाली की कार्बाइडचा कण आणि ॲल्युमिनियम जिथं चिकटतात तिथंच गंज आधी खातो. खड्डा पडला की ताण तिथं गोळा होतो. त्यात क्रॅक उघडताना आतलं कोरं ॲल्युमिनियम हवेतल्या वाफेला भिडतं, हायड्रोजन सुटून धातूत शिरतो आणि क्रॅक पळायला लागते. सावकाश फिरणाऱ्या पार्टात तर वाफेला प्रत्येक फेरीत जास्त वेळ मिळतो, म्हणजे गिऱ्हाइकाकडं हाल आणखी वाईट. एवढं असून रिपोर्टात तापमान नाही, आर्द्रता नाही. विचारलं तर म्हणाले, "साहेब, तो कॉलमच नाही फॉरमॅटमध्ये."

पुढचा लॉट हातमोजे घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात नेणार. मशीनशेजारी टांगायला आर्द्रतामापकही माझ्याच खर्चानं घेतलाय, खिळा तेवढा त्यांनी ठोकावा.