डबीबंद दुर्मीळ नाणे: गुंतवणूक म्हणून परीक्षण

दुर्मीळ जुनी नाणी आजही त्यांच्या योग्यतेपेक्षा स्वस्त मिळतात, असे या क्षेत्रातील विक्रेते नेहमी सांगतात. तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे ‘स्लॅब’मध्ये, विकल्या जाणाऱ्या नाण्यांना हे विधान लावून पाहिले तर ते एका गटापुरतेच खरे ठरते, आणि जाहिरातीत झळकतो तो गट हा नव्हे.

या दाव्याच्या समर्थनार्थ चित्रांचे उदाहरण हमखास दिले जाते. २०१७ मध्ये एका चित्राला लिलावात सुमारे ४५ कोटी डॉलर मिळाले. नाण्यांचा विक्रम त्याच्या पासंगालाही पुरत नाही. हा विक्रम अमेरिकेच्या १९३३ च्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याने, ‘डबल ईगल’ने, २०२१ मध्ये केला. टाकसाळीत पाडलेल्या ४,४५,५०० नाण्यांपैकी जवळजवळ सर्व वितळवली गेली आणि खासगी मालकीत कायदेशीरपणे राहिले ते हे एकच. २००२ मध्ये सुमारे ७६ लाख डॉलरना गेलेले हे नाणे २०२१ मध्ये १ कोटी ८९ लाखांना विकले गेले, म्हणजे एकोणीस वर्षांत साधारण अडीचपट झाले. आकडा भव्य वाटतो, परंतु वार्षिक वाढ पाच टक्क्यांच्याही किंचित खालीच राहते आणि त्याच काळात साध्या सोन्याचा डॉलरमधील भाव जवळपास सहापट झाला होता.

अमेरिकेच्या १९१३ च्या ‘लिबर्टी’ निकेलची, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याची, कथा तर अधिक बोलकी आहे. जगात अशी पाचच नाणी ज्ञात आहेत, आणि त्यांतील सर्वोत्तम मानले जाणारे नाणे १९९६ मध्ये सुमारे १४ लाख ८५ हजार, २००७ मध्ये ५० लाख आणि २०१८ मध्ये ४५ लाख ६० हजार डॉलरना विकले गेले. अकरा वर्षे जपलेल्या नाण्यात मुद्दलच घटले. अशा वेळी नाणे किती दुर्मीळ आहे यापेक्षा आपण कोणत्या भावाने आत शिरलो, हे निर्णायक ठरते.

आता डबीविषयी. अमेरिकी नाणे-अभ्यासक शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली, नाण्याचा दर्जा ठरवणारी ७० गुणांची मापनश्रेणी, आणि १९८६ व १९८७ मध्ये सुरू झालेल्या पीसीजीएस व एनजीसी या दर्जा ठरवून नाणे डबीत बंद करणाऱ्या संस्था, यांनी बाजाराला मोठा आधार दिला, हे मी मनापासून मान्य करतो. अस्सलपणाची हमी, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि घासूनपुसून चमकवलेले नाणे ओळखणारी नजर, या तीन गोष्टींसाठी शुल्क देणे सर्वस्वी योग्य आहे. नाणे दिव्याखाली हळूहळू कलते केले की मूळ चकाकी आऱ्यांसारखी गोल फिरते. घासलेल्या नाण्यावर मात्र उजेड एकाच जागी सपाट पडतो आणि समांतर बारीक ओरखडे दिसू लागतात. नवख्या माणसाला हा फरक कळण्यापूर्वीच त्याचे पैसे गेलेले असतात, म्हणून ही सेवा हवीच.

सेवेची मर्यादा वरच्या दर्जात उघडी पडते. ६४ आणि ६५ गुणांतील अंतर हे अखेर जाणकारांचे मत असते, तरी काही नाण्यांत तेवढ्याने किंमत दुप्पट होते. शिवाय अधिक गुण मिळतील या आशेने मालक डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतात. जुन्या डबीतील दर्जाची चिठ्ठी संस्थेला परत केली नाही तर एकच नाणे तिच्या नोंदीत दोनदा मोजले जाते. उलट, आज ‘या दर्जाची तीनच’ असे म्हणत घेतलेल्या नाण्याची संख्या, घराघरांतून नवी नाणी तपासणीला येत गेली की, वाढतही जाते. ही दर्जावर उभी असलेली दुर्मीळता गुंतवणूक म्हणून मला महाग वाटते.

योग्यतेपेक्षा खरोखर कमी भाव मिळतो तो मधल्या दर्जाच्या, मुळातच कमी उरलेल्या नाण्यांना: वापरात झिजलेली, पण न घासलेली, ज्यांचे टाकसाळचिन्ह व वर्ष स्पष्ट वाचता येते आणि ज्यांच्या मालकीची साखळी जुन्या लिलावसूचींमधून दाखवता येते अशी. त्यांची संख्या गुणांकनाने वाढत नाही, कारण ती कोणत्याही दर्जात थोडीच आहेत. तेथे एक अट मात्र सोडता येत नाही, ती म्हणजे त्या मालिकेचे, म्हणजे एकाच प्रकारच्या वेगवेगळ्या वर्षांच्या नाण्यांचे, संग्राहक पुरेसे असले पाहिजेत. मागणीच नसेल, तर दोनच ज्ञात असलेले नाणेही वर्षानुवर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहते. आणि उलट बाजूने, अलेक्झांडरच्या नावाची चांदीची नाणी तेवीसशे वर्षांची असूनही इतकी उरली आहेत की केवळ वयाला भाव मिळत नाही.

खरेदी-विक्रीतील तफावत हा या गुंतवणुकीचा सर्वांत कमकुवत भाग आहे. लिलावात बोलीवर साधारण वीस टक्क्यांच्या आसपास खरेदीदाराचा अधिभार चढतो, विकताना लिलावगृहाची दलाली जाते, आणि मधल्या काळात ना व्याज ना भाडे. त्यामुळे दहा वर्षांपेक्षा कमी मुदतीसाठी मी हा प्रकार कोणालाही सुचवणार नाही. दीर्घ मुदतीसाठी मात्र, एक मालिका नीट अभ्यासून त्यातील कठीण, म्हणजे कमी नाणी उरलेल्या, वर्षांची मधल्या दर्जाची नाणी निवडणाऱ्याला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन; सर्वोच्च दर्जाची डबी केवळ आकड्यावर भरवसा ठेवून घेणाऱ्याला दीड.