सकाळचा पहिला फोन वाळपईला: ॲस्टेरिस्कला डेटाबेस जोडून दहा महिने

"अरे बाबा, म्हजो फोन परत वाळपय पावलो मरे!"

हे वाक्य गेल्या पावसाळ्यात मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ओळखेन. बोलणाऱ्या केरीच्या वयनी. त्यांच्या कुळागराचा पंप आमच्याकडचा. दुकान साडेआठला उघडतं आणि आठ एकतीसला त्यांचा फोन असतो. तो त्यांच्या भागातल्या मिस्त्रीकडे जायला हवा, पण जायचा थेट वाळपईच्या पोराकडे, आमच्या दुसऱ्याच मिस्त्रीकडे. तोही बिचारा रोज नवीन असल्यासारखा ऐकून घ्यायचा.

आमचं फोंड्यात इन्व्हर्टर, बॅटरी आणि पंपसेटचं दुकान. आठ मिस्त्री, वेगवेगळ्या तालुक्यांत. फोन आला की नंबरावरून ग्राहकाचं गाव काढायचं आणि तिथल्या मिस्त्रीच्या मोबाइलवर फोन वळवायचा, काम एवढंच. आधी हे एका क्लाउडवाल्या कंपनीकडे होतं. दर माणशी दर महिना भाडं, शिवाय ग्राहकांची यादी त्यांच्याकडे. आठवा मिस्त्री ठेवला तेव्हा बिल पाहून मी म्हटलं, पुरे. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढला, चार जीबी रॅम, एक नवी एसएसडी घातली. फेब्रुवारीत सुरुवात केली.

ॲस्टेरिस्क म्हणजे फोन घेणारं-वळवणारं सॉफ्टवेअर, मारियाडीबी म्हणजे ग्राहकांची यादी ठेवणारा डेटाबेस; याहून जास्त सांगत बसत नाही. दोन्ही फुकट आहेत, मला तेवढं पुरलं. ॲस्टेरिस्क २० सोर्स कोडमधून स्वतः बांधावं लागलं, कारण माझ्या लिनक्सच्या, डेबियन १२ च्या, भांडारात ते नाहीच. पहिल्यांदा बांधलं तेव्हा ओडीबीसीचं, म्हणजे ॲस्टेरिस्कला थेट डेटाबेसशी बोलू देणारं, मॉड्यूलच तयार झालं नाही. काय काय बांधायचं ते निवडायच्या यादीत, मेनूसिलेक्टमध्ये, त्याच्यापुढे तीन फुल्या होत्या, मी लक्ष दिलं नाही. युनिक्सओडीबीसीची डेव्हलपमेंट फाइल आधी टाकायची असते. मला वाटलं माझ्या मशीनला ते चालत नसेल, म्हणून मी स्क्रिप्टच्या वाटेने गेलो. पुढचं सगळं रामायण त्या तीन फुल्यांमुळे.

पहिली स्क्रिप्ट पीएचपीत, साधी एजीआय, म्हणजे ॲस्टेरिस्कने बाहेरच्या स्क्रिप्टशी बोलायची सोय. फोन आला की ॲस्टेरिस्क स्क्रिप्ट सुरू करतो, फोन करणाऱ्याचा नंबर वगैरे माहिती तिला स्टँडर्ड इनपुटवर देतो आणि तिच्या आउटपुटवरून हुकूम वाचतो. इथे नवख्यांनी एक लक्षात ठेवा: त्या आउटपुटवर छापलेला प्रत्येक शब्द ॲस्टेरिस्कला हुकूम वाटतो. पीएचपीने एक फालतू वॉर्निंग छापली की समोरून '५१० इनव्हॅलिड ऑर अननोन कमांड' येतं आणि तुम्ही तासभर भलतीकडेच शोधत बसता. एरर फाइलमध्ये जायला हवेत, पडद्यावर नाही. बाकी एजीआय साधी आणि सच्ची. दर फोनला नवी प्रोसेस, डेटाबेसची नवी जोडणी, काम संपलं की बंद.

मेच्या अखेरीस वीज कडाडायला लागली. आमच्या धंद्यात तो सीझन. एकदम दहा-बारा फोन यायचे आणि लोकांना एंगेज टोन ऐकू यायचा. मी ठरवून टाकलं, दर फोनला नवी प्रोसेस म्हणूनच मशीन मेटाकुटीला येतंय. फास्टएजीआयवर गेलो. यात स्क्रिप्ट पायथनमध्ये कायम चालू, ४५७३ पोर्टवर ऐकत बसलेली. डेटाबेसची जोडणी सुरुवातीला एकदाच उघडायची आणि तीच वापरायची. चपळ झालं, खोटं कशाला बोलू.

एंगेज टोन मात्र तसाच. कारण आमच्या ट्रंकवर, म्हणजे फोन कंपनीच्या लाइनवर, चार चॅनेल. ग्राहकाचा फोन आत येतो तेव्हा एक भरतो, मिस्त्रीच्या मोबाइलवर बाहेर जातो तेव्हा दुसरा. म्हणजे चार चॅनेलमध्ये दोनच ग्राहक. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आणखी चार घेतले, जीवावर आलं, पण घेतले. डेटाबेसला उगाच शिव्या दिल्या होत्या.

आणि त्याच सुमारास वयनींचा फोन वाळपईला जायला लागला.

माझा पहिला संशय गावावर. गोव्यात केरी तीन: एक फोंड्यात, एक सत्तरीत, एक पेडण्यात. मी शहाण्याने मिस्त्र्यांच्या तक्त्यात नुसतं गावाचं नाव किल्ली म्हणून, म्हणजे ओळ शोधायची खूण म्हणून, वापरलं होतं. सत्तरीतली केरी वाळपईच्या पोराकडे, वयनींची केरी ती नव्हे. म्हटलं, सापडला चोर. गाव आणि तालुका मिळून किल्ली केली, साडेआठशे ग्राहकांचे तालुके दोन रविवार बसून भरले. बायको म्हणाली, एवढ्या वेळात वयनींचा पंप तूच दुरुस्त करून आला असतास.

सोमवारी आठ एकतीसला फोन वाळपईला.

दुसरा संशय नंबरावर. ट्रंकवाल्यांनी एका शुक्रवारी न कळवता नंबराचं रूप बदललं होतं. आधी पुढे शून्य यायचं, मग अधिक एक्क्याण्णव यायला लागलं. त्या दिवशी एकही ग्राहक सापडेना. त्यांच्या हेल्पलाइनवर पाऊण तास धरून बसलो, तर समोरचा म्हणे, तुमच्याकडून तपासा. तेव्हापासून माझा नियम पक्का: तक्त्यात फक्त दहा आकडे, तेही आकड्यांच्या नव्हे तर मजकुराच्या रकान्यात. आलेल्या नंबराचे मागचे दहा घ्यायचे, डायलप्लॅनमध्ये, म्हणजे फोन कुठे वळवायचा त्या नियमांच्या फाइलमध्ये, कंसात उणे दहा लिहिलं की झालं. आपल्याकडची लँडलाइनही यात बसते, ८३२ आणि पुढचे सात. बाहेर जाताना मिस्त्रीच्या मोबाइलपुढे शून्य लावायचं, कारण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला ते लागतंच. पण वयनींचा नंबर या सगळ्यातून नीट निघत होता. मी तपासला की फोन बरोबर जायचा. दर वेळी. दुपारच्या झोपेनंतर तपासला तरी बरोबर. फक्त वयनींनाच वाळपई.

इथपर्यंतचं मी जुलैत लिहून ठेवलं होतं आणि खाली 'भरवशाचं नाही, भाडं परवडलं' असं ठोकलं होतं. ते खोडतोय.

चवथीला दुकान तीन दिवस बंद ठेवलं. सुट्टीची सूचना डेटाबेसला विचारण्याआधीच वाजते, म्हणजे तीन दिवस डेटाबेसला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी, दुकान उघडायच्या आदल्या संध्याकाळी, एकटाच गेलो, सूचना काढली आणि माझ्या मोबाइलवरून फोन लावला. माझा नंबर फोंड्याचा. पलीकडे घुमट, झांजा, आरती आणि त्या गोंगाटात वाळपईचं पोर ओरडतंय, "कोण रे?"

मला इतका आनंद कधी झाला नव्हता. बिघाड पहिल्यांदाच माझ्या हाती लागला होता.

लॉगमध्ये ओळ होती, एरर २००६, सर्व्हर हॅज गॉन अवे. मारियाडीबीत वेट टाइमआउट नावाची गोष्ट असते, मूळची किंमत २८,८०० सेकंद. बरोबर आठ तास. एवढा वेळ जोडणीवर काही हललं नाही की सर्व्हर ती तोडून टाकतो आणि माझ्या स्क्रिप्टला त्याचा पत्ता नसतो. रात्री साडेसातला शेवटचा फोन, सकाळी साडेआठला पहिला, मध्ये तेरा तास. पहिली चौकशी मेलेल्या जोडणीवर जायची. मी लिहिलं होतं की काही चुकलं तर यादीतल्या पहिल्या मिस्त्रीकडे वळव आणि जोडणी नव्याने उघड. यादीत पहिला वाळपईचा, कारण तो सगळ्यात जुना. मग दुसऱ्या फोनापासून सगळं ठणठणीत. दुपारची झोप अडीच तासांची, ती आठापर्यंत पोचत नाही. आणि रोजचा पहिला फोन कुणाचा? माझ्या सकाळच्या सगळ्या चाचण्या वयनींनंतरच्या.

साधी एजीआय असती तर हे झालंच नसतं, ती दर फोनला नवी जोडणी उघडते. माझी चपळाई मला नडली.

आधी फुकटचा उपाय केला, वेट टाइमआउट चोवीस तास. मंगळवार ते शनिवार मस्त. सोमवारी वाळपई. रविवारी आम्ही बंद असतो हे माझ्या लक्षातच नाही!

शेवटी तीन फुल्यांकडे परत गेलो. हवी ती फाइल टाकून ॲस्टेरिस्क पुन्हा बांधलं आणि गाव शोधायचं काम त्यातल्या फंक-ओडीबीसी मॉड्यूलला दिलं. एक चौकशी एका फाइलमध्ये लिहायची, डायलप्लॅनमध्ये ती फंक्शनसारखी वापरायची. वीस ओळींची पायथन गेली. डेटाबेसची जोडणी सांभाळणाऱ्या रेस-ओडीबीसीत सॅनिटीएसक्यूएल म्हणून ओळ असते, तिथे 'सिलेक्ट १' लिहिलं; जोडणी मेलीय का हे ड्रायव्हरला सांगता आलं नाही, तर हा प्रश्न विचारून बघितलं जातं. डेटाबेसच्या युजरला त्या दोन तक्त्यांवर फक्त वाचायची परवानगी. फोन करणाऱ्याचा नंबर बनावटही असू शकतो, म्हणून तो एस्केप करूनच, म्हणजे त्यातली चिन्हं हुकूम ठरणार नाहीत असा करूनच, चौकशीत घालायचा. उत्तरच आलं नाही तर आता एकट्या वाळपईचा बळी नाही, आठही मोबाइल एकदम वाजतात.

आता एक तक्रार. इन्व्हर्टर विकणाऱ्याच्या दुकानातला सर्व्हर इन्व्हर्टरवर नव्हता. हसा. ऑक्टोबरच्या एका वादळात वीज गेली, आली, मशीन उठलं. ॲस्टेरिस्क आधी उठला, मारियाडीबी नंतर. ओडीबीसीत निगेटिव्ह कनेक्शन कॅश आहे, मूळची ३०० सेकंदांची. जोडणी एकदा फसली की पाच मिनिटं ते परत विचारतच नाही, रुसून बसतं. ती पाच मिनिटं आठही मिस्त्र्यांचे फोन दर कॉलला वाजत होते. मोठ्या कॉल सेंटरला हे सोयीचं असेल, मेलेल्या डेटाबेसपायी प्रत्येक फोन अडकत नाही. माझ्यासारख्याला पाच सेकंद पुरे, तेवढेच ठेवलेत. मारियाडीबी उठल्याशिवाय ॲस्टेरिस्कने उठायचं नाही, हेही सिस्टमडीला, म्हणजे मशीन उठताना काय कधी सुरू करायचं ते बघणाऱ्याला, सांगितलं. आणि आमचीच एक बॅटरी लावली, परत आलेली, वॉरंटीतली.

बाकी किरकोळ. मराठी नावं पहिल्यांदा प्रश्नचिन्हं होऊन आली, जोडणीचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ केल्यावर सुधारली.  भाड्याचे पैसे वाचले, त्यातले थोडे जादा चॅनेलनी खाल्ले.

सप्टेंबरपासून सकाळचा पहिला फोन एकदाही चुकलेला नाही. मागच्या आठवड्यात वयनी दुकानात आल्या, बिल भरलं, निघताना दारात थांबल्या.

"तो वाळपयचो भुरगो खंय गेलो रे? बरो उलयतालो तो."