चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जाताना: शाळा पुन्हा हवी, संस्था नको

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून मला फोन येताहेत. बहुतेक शिक्षिका, काही बी.एड. करणाऱ्या मुली, माझ्या जुन्या शाळेतले एक सर. प्रत्येकाला कुठून ना कुठून तसंच माहितीपत्रक आलेलं आहे: चीनच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवा, राहणं-जेवण शाळेकडे, प्रमाणपत्र मिळेल. मी २०१९ मध्ये मुंबईतल्या अशाच एका संस्थेमार्फत गेले होते. नाव लिहीत नाही, कारण या धंद्यातल्या कुठल्याही संस्थेला विचारायचे प्रश्न तेच आहेत. मत आधी सांगून टाकते. ज्या शाळेत मी शिकवलं तिथे उद्या बोलावलं तरी जाईन. संस्थेला मात्र पुन्हा एक रुपया देणार नाही.

मी परळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवत निवृत्त झाले. आधी गिरणी कामगारांची मुलं शिकवली, गिरण्या गेल्यावर वॉचमनची, घरकाम करणाऱ्या बायकांची. घरी इंग्रजीचा एक शब्द कानावर न पडणाऱ्या मुलाला ती भाषा कशी द्यायची, एवढंच मला येतं. चीनमध्ये तेच उपयोगी पडलं.

व्हिसाचं नीट लिहिते, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. संस्थेच्या ऑफिसात मला सांगण्यात आलं, ‘मॅडम, टूरिस्ट व्हिसावर जा, सगळे तसेच जातात.’ मी नाही म्हटलं. पर्यटनाच्या, म्हणजे ‘एल’ व्हिसावर वर्गात शिकवणं हे चीनमध्ये बेकायदा काम ठरतं. १ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या त्यांच्या कायद्यात यासाठी ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर पाच ते पंधरा दिवसांची कोठडीही. बेकायदा काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थालाही त्याच कायद्यात दंड आहे, पण पोलीस दारात येतील ते तुमच्या. मध्यस्थ तेव्हा मुंबईत बसलेला असेल.

सरळ मार्ग आहे, आणि तो फारसा अवघडही नाही. १ जानेवारी २०१५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, चीनमधून पगार न घेता ९० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करायला येणाऱ्याने ‘एफ’ व्हिसा घ्यायचा. त्यासाठी तिथल्या शाळेचं किंवा यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र लागतं. मी तेच मागितलं. आधी ‘उशीर होईल’, मग ‘जास्तीचे पैसे पडतील’, आणि मी हटत नाही म्हटल्यावर पत्र आलं. म्हणजे शाळा द्यायला तयारच होती, मागण्याची तसदी संस्थेने घेतली नव्हती.

९० दिवसांच्या वर राहायचं असेल तर ‘झेड’ व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. इथे भारतीयांनी डोळे उघडे ठेवावेत. इंग्रजी शिक्षकाच्या परवान्यासाठी साधारणपणे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा देशांचे नागरिक, म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे, शिवाय पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव, अशी अट असते. आपल्या पासपोर्टवर तो परवाना मिळणं फार कठीण. त्यामुळे ‘आता स्वयंसेवा करा, पुढे तिथेच पगारी नोकरी लावून देऊ’ असं कुणी म्हणालं, तर ते तुमच्या पासपोर्टकडे न बघता बोलताहेत. माझ्याबरोबर चौकशीला आलेल्या एका तरुण मुलीने याच आशेवर घरून पैसे आणले होते. तिला तिथेच बाहेर जिन्यात थांबवून मी हे सगळं समजावलं. ती गेली नाही, आणि मला त्याचा आनंद आहे.

फी साधारण सव्वा लाख, विमानाचं तिकीट वेगळं. त्यातले शाळेकडे किती जातात, हे विचारल्यावर तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. तिथे गेल्यावर कळलं की माझी खोली आणि कॅन्टीनचं जेवण शाळा स्वतःच्या खर्चाने देत होती. मग सव्वा लाख कशाचे? निमंत्रणपत्र, व्हिसाचा अर्ज, इथली दोन दिवसांची कार्यशाळा आणि तिथल्या समन्वयक मुलीचा पगार. कार्यशाळा पंधरा मुलांच्या वर्गासाठी बेतलेली होती. चेंडू फेकून शब्द विचारायचे, गोल करून गाणी म्हणायची. समोर पन्नासच्या वर मुलं आणि मध्ये चालायला वीतभर जागा, तिथे यातलं काहीही करता येत नाही.

ती समन्वयक मुलगी मात्र सोन्यासारखी. चीनमध्ये हॉटेलाबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसाला पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हे मुंबईत कुणी सांगितलं नव्हतं. रात्री उशिरा उतरवून घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती मला चौकीवर घेऊन गेली, कागद हातात पडेपर्यंत हलली नाही.

शाळा ग्वांगशी प्रांतात, गुइलिन शहरापासून दीडेक तासावरच्या तालुक्याच्या गावात. मी गौरी विसर्जनानंतर निघाले. हाँगकाँग, मग ग्वांगझोउ, आणि तिथून द्रुतगती रेल्वेने गुइलिन. गाडी सुळक्यांसारख्या चुनखडीच्या डोंगरांमधून जाते. वीस युआनच्या नोटेवर जे डोंगर आणि नदी छापलेली आहे, ती इथलीच ली नदी. पोहोचले त्या आठवड्यात, १० सप्टेंबरला, त्यांचा शिक्षक दिन होता आणि लगेच शरद पौर्णिमेचा सण. आमच्याकडे अनंत चतुर्दशी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे मुलं मला मूनकेक देत होती.

मला सातवी-आठवीचे वर्ग मिळाले. शाळेचा दिवस पहाटेच्या वाचनाने सुरू होतो. सगळा मजला एकदम मोठ्याने वाचत असतो, एका वर्गात चिनी, शेजारच्या वर्गात इंग्रजी. दिवसातून दोनदा स्पीकरवर संगीत लागतं आणि मुलं डोळे मिटून भुवयांच्या आणि नाकाच्या बाजूचे बिंदू दाबतात; डोळ्यांचा व्यायाम. दुपारी जेवण झालं की विश्रांती, बरीचशी बाकावर डोकं टेकून. संध्याकाळी पुन्हा अभ्यासाचे तास, निवासी मुलांचे तर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत.

या मुलांना इंग्रजी येत नाही, असं समजून जाऊ नका. चीनमध्ये २००१ पासून इंग्रजी तिसरीपासून शिकवायला सुरुवात झाली. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २०००मध्ये, म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ एकदमच. त्यांची व्याकरणाची तयारी पाहून मी थक्क झाले. रिकाम्या जागा भरा म्हटलं तर चुकत नाहीत. पण ‘काल काय केलंस?’ असं विचारलं की उभं राहिलेलं मूल फरशीकडे बघतं. तोंडातून वाक्य निघालंच तर क्रियापद वर्तमानकाळात, कारण चिनी भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही. बोलण्यात ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच, त्यामुळे आईला ‘ही’ आणि वडिलांना ‘शी’ म्हणणं सर्रास. कागदावर मात्र तीच मुलं बरोबर लिहितात. परळला मी अशीच मुलं पाहिली होती. पेपरात सत्तर मार्क, आणि बसस्टॉपवर कुणी इंग्रजीत पत्ता विचारला की घाम.

आणि इथेच या कार्यक्रमाचं मूळ गणित चुकतं. माझ्या एका वर्गाचा पट ५४, तास ४० मिनिटांचा, आठवड्यातून एकच तास. मी स्वतः अवाक्षर न बोलता सगळा वेळ मुलांना दिला, तरी एकेकाच्या वाट्याला पाऊण मिनिटही येत नाही. तीन महिन्यांत त्याचे किती शब्द होणार? माहितीपत्रकात हे कुठेच नाही. तिथे फोटो असतो तो हसणाऱ्या परदेशी तरुणाचा आणि त्याच्याभोवती सात-आठ मुलांचा.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मी पद्धत बदलली. बाकावरच्या शेजाऱ्यांच्या जोड्या केल्या, सगळ्या जोड्या एकदम बोलणार. एक भाजीवाली, एक गिऱ्हाईक. गोंगाट इतका की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर डोकावून गेले. पण त्या गोंगाटात ५४ मुलं एकाच वेळी इंग्रजी बोलत होती. ही युक्ती माझी नाही, साठ-साठ मुलांच्या तुकड्या सांभाळणाऱ्या मराठी शाळेतल्या कुठल्याही बाईंना ती येते.

खरा उपयोग झाला तो तिथल्या इंग्रजीच्या बाईंना. तिशीतल्या, व्याकरणात पक्क्या, आणि एखाद्या परदेशी माणसाशी सलग दहा मिनिटं इंग्रजीत बोलण्याची संधी त्यांना आयुष्यात मिळालेली नव्हती. रोज दुपारच्या विश्रांतीत आम्ही बसायचो. सुरुवातीला त्या वाक्य आधी वहीत लिहून मग वाचायच्या. नोव्हेंबरात त्या माझ्याशी मुलांच्या निकालावरून वाद घालत होत्या, वही बंद करून. मी परत आले, त्या तिथेच आहेत, दरवर्षी काही शे मुलांसमोर उभ्या राहतात. माझ्या हातात असतं तर मी या कार्यक्रमाचं स्वरूपच उलटं केलं असतं: सकाळी स्वयंसेवकाने दोन तास घ्यावेत आणि उरलेला दिवस स्थानिक शिक्षकांबरोबर घालवावा.

संस्थेला हे सुचवलं तेव्हा उत्तर आलं की शनिवार-रविवारी तुम्ही शहरातल्या एका खाजगी क्लासलाही जा, पालकांना परदेशी शिक्षक दिसला की बरं वाटतं. आणि पुढे, पालकांना खरं तर गोरा चेहरा हवा असतो, पण चालवून घेऊ. हे वाक्य मला लागलं. एफ व्हिसावर असं काम करता येत नाही, हे कारण देऊन मी नकार दिला. खरं कारण मी फोनवरच स्पष्ट सांगितलं: मी कुणाच्या दुकानातली शोभेची बाहुली नाही. २०२१ च्या जुलैमध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक बंधनं आणली. आज कुणी तुम्हाला शाळेच्या नावाखाली क्लासमध्ये पाठवत असेल, तर धोका तेव्हापेक्षा जास्त आहे.

शाळेत मात्र चेहऱ्याचा किंवा उच्चारांचा प्रश्न कधीच आला नाही. इतिहासाच्या एका ज्येष्ठ सरांनी मी महाराष्ट्रातली आहे म्हटल्यावर डॉक्टर कोटणीसांचं चिनी नाव घेतलं: क दिहुआ. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, मुंबईत डॉक्टर झालेले, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्या सरांना हे सगळं माहीत होतं. आमच्या नव्या पिढीतल्या किती शिक्षकांना माहीत असेल, हा विचार करून मला वाईट वाटलं, आणि सरांपुढे मी मनापासून हात जोडले.

आठवीच्या शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. आईवडील ग्वांगदोंगमध्ये, दोंगग्वानच्या कारखान्यात, ती आजीजवळ. वर्गात अशी मुलं बरीच. आईबाप वर्षातून एकदा, नवीन वर्षाच्या सुट्टीत येतात. कोकणात आजीजवळ वाढलेली आणि बाप परळच्या गिरणीत असलेली मुलं मी लहानपणी पाहिली आहेत, माझे दोन चुलतभाऊ त्यातलेच. त्या मुलीला मी आईला इंग्रजीत चिठ्ठी लिहायला सांगितली. आईला इंग्रजी येत नाही, ती म्हणाली. मग तू वाचून दाखव आणि अर्थ सांग, मी म्हटलं. त्या रविवारी तिने फोनवर वाचून दाखवली. सोमवारी तिने स्वतःहून हात वर केला.

जेवणाचं फार काही नाही. तांदळाच्या शेवयांचा नाश्ता, वर शेंगदाणे आणि आंबवलेल्या शेंगा, झकास लागतो, पण रस्सा हाडांचा असतो. मी मासे खाणारी, माझं अडलं नाही. कट्टर शाकाहारी असाल तर शाळेला आधी लेखी कळवा. थंडीचं मात्र ऐका: दक्षिण चीनमध्ये शाळांना उत्तरेसारखी हीटिंग नसते. नोव्हेंबरअखेर वर्गात मी स्वेटरवर स्वेटर घालून उभी होते. मुंबईच्या माणसाने थर्मल घेऊनच जावं.

घरच्यांशी बोलण्याचीही आधी सोय लावा. तिथे व्हॉट्सअॅप आणि गूगल चालत नाही. मी गेले तेव्हा मुलीने इकडे वीचॅट घेतलं होतं. भारताने जून २०२० मध्ये त्यावर बंदी घातली, त्यामुळे तो मार्ग आता बंद आहे.

शेवटी तारखांबद्दल, कारण फोनवर सगळे हेच विचारतात की मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ का. मेमध्ये त्यांच्या शाळा चालू असतात, पण वरचे वर्ग परीक्षेच्या तयारीत बुडालेले; बारावीची प्रवेश परीक्षा ७ जूनला सुरू होते, पाठोपाठ नववीची. तुम्हाला तास कुणी देणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी, तेव्हा ‘समर कॅम्प’ म्हणून जे विकतात तो बहुतेकदा खाजगी क्लासच असतो. सत्र सुरू होतं सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत. निवृत्त असाल, बिनपगारी रजा मिळत असेल, तर सप्टेंबर ते नोव्हेंबर जा. शाळेचं नाव, निमंत्रणपत्राची प्रत आणि व्हिसाचा प्रकार हे तिन्ही हातात आल्याशिवाय पहिला हप्ता भरू नका, आणि शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षिकेशी एकदा व्हिडिओवर बोलायचंय म्हणून आधीच सांगा. जी संस्था ते बोलणं घडवून देईल, तिच्याकडे पुढचं विचारायला जा.