आई बेने इस्रायल, बाबा रत्नागिरीचे: वंशाची डीएनए टेस्ट वर्षभर वापरल्यानंतर

मिश्र घरातल्या कुणी ही टेस्ट करायचं मनात घेतलं असेल, तर आधीच सांगते. रिझल्टच्या पहिल्या पानावर जो टक्क्यांचा रंगीत नकाशा येतो, त्याच्यासाठी पैसे घालू नका. त्याच साइटवर जरा आत गेलं की जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी असते. माझे पैसे वसूल झाले ते तिथे.

आमच्या घरची गोष्ट अशी. आई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, तिचं मूळ गाव अलिबाग तालुक्यात, ती वाढली ठाण्यात. बाबा रत्नागिरीकडचे मराठा. घरात दिवाळी व्हायची आणि रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, तोही व्हायचा. लग्नानंतर मी इंग्लंडला आले. इथे ही किट्स घरपोच मिळतात, म्हणून आधी माझी टेस्ट केली, मग मँचेस्टरला असलेल्या भावाची, आणि उन्हाळ्यात आई-बाबा राहायला आले तेव्हा त्या दोघांची.

किट म्हणजे एक नळी, तीत खुणेच्या रेघेपर्यंत लाळ भरायची. वरचा फेस मोजायचा नाही. आधी अर्धा तास खाणंपिणं बंद. वय झालेल्या माणसांचं तोंड लवकर सुकतं. आईला रेघ गाठायला बराच वेळ लागला. बाहेरून गाल हलक्या हाताने चोळले की लाळ सुटते, हे लक्षात ठेवा. नमुना कमी पडला तर लॅब तो परत मागवते आणि आणखी काही आठवडे जातात.

आता रिझल्ट. माझा बहुतेक भाग ‘दक्षिण आशिया’, सात-आठ टक्के पश्चिम आशिया, आणि अश्केनाझी, म्हणजे युरोपातले ज्यू, एका टक्क्याच्याही खाली. बेने इस्रायल असा गटच टेस्ट करणाऱ्या कंपनीच्या यादीत नव्हता. कारण सरळ आहे. कंपनी आपला डीएनए आजच्या काही लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघते आणि कुठला तुकडा कुणाशी जास्त मिळतो ते सांगते. त्या नमुन्यांत जो समाज नाही, त्याचं नाव रिझल्टमध्ये येणारच नाही. युरोपातले नमुने भरपूर असल्यामुळे तिथल्या लोकांना जिल्ह्याच्या पातळीवरची उत्तरं मिळतात. आपल्याकडचं अख्खं कोकण एका मोठ्या रंगाखाली झाकलं जातं. एक टक्क्याच्या आतले आकडे तर सोडूनच द्या. त्या अश्केनाझी तुकड्याचा आमच्या घराण्याशी काही संबंध लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पुढच्या अपडेटमध्ये तो गेलाही. असे अपडेट अधूनमधून येतात, टक्के बदलतात, आपला डीएनए मात्र तोच असतो. माझे आकडे बदलल्याची साधी मेलही मला आली नाही, आणि विचारल्यावर छापील उत्तर आलं. या बाबतीत कंपनीवर माझी नाराजी आहे.

भावाचा पश्चिम आशियाचा आकडा माझ्यापेक्षा बराच जास्त निघाला. घरात यावरून चर्चा झाली, पण यात नवल काही नाही. प्रत्येक मुलाला आईकडून निम्मा डीएनए मिळतो, पण नेमका कुठला निम्मा ते दर वेळी वेगळं असतं. आजी-आजोबांचा वाटा सरासरी पंचवीस टक्के म्हणतात, तो प्रत्यक्षात सतराच्या आसपासही असू शकतो आणि तेहतीस-चौतीसही. म्हणून मिश्र घरात एकाच भावंडाचा रिझल्ट घेऊन ‘आपण इतके टक्के अमुक’ म्हणणं चूक आहे. शक्य असेल तर सगळ्यात वयस्कर माणसाची टेस्ट आधी करा. तुमच्यापर्यंत न आलेला भाग त्यांच्याकडे असतो.

खरा उलगडा बाबांच्या रिझल्टने केला. त्यांच्याही नावापुढे तीनेक टक्के इराणी निघाले. बाबांच्या बाजूला ज्यू कुणी नाही. मग हे आलं कुठून? भारतातल्या बहुतेक सगळ्यांच्या डीएनएत प्राचीन इराणी पठाराशी नातं असलेला एक फार जुना थर आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासांनी तो सिंधू संस्कृतीच्या लोकांपर्यंत मागे नेला. कंपनीचा हिशेब त्यातला थोडा भाग आजच्या इराणच्या नावावर टाकतो. तेव्हा आईच्या रिझल्टमधला पश्चिम आशियाचा प्रत्येक टक्का ज्यू पूर्वजांचा आहे असं धरता येत नाही. बाबांची टेस्ट केली नसती तर मी तसंच धरलं असतं आणि ते कुणी खोडूनही काढलं नसतं.

जीईडीमॅच नावाच्या साइटवर आपली मूळ डेटा फाइल चढवता येते. तिथे वंशाचे टक्के काढायचं हरप्पावर्ल्ड हे भारतीयांसाठी उपयोगी गणित आहे. त्यात ‘बलोच’ या नावाचा मोठा आकडा दिसला म्हणून घाबरू नका की हरखून जाऊ नका, तो जवळपास प्रत्येक भारतीयाला येतो. तो घटक बलुची लोकांत सर्वात जास्त सापडतो म्हणून त्याला ते नाव, एवढंच.

बेने इस्रायलबद्दल नीट काही वाचायचं असेल तर प्लॉस वन या विज्ञान नियतकालिकातला २०१६ चा अभ्यास वाचा. त्यात या समाजातल्या १८ जणांचे नमुने इतर ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी गटांशी ताडले होते. निष्कर्ष असा की बेने इस्रायल आसपासच्या भारतीयांसारखे आहेतच, पण मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वाटाही त्यांच्यात भरीव आहे. ज्यू बाजूने पुरुषांचा वाटा जास्त, स्थानिक बाजूने स्त्रियांचा, आणि हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांमागचं. पिढी तीस वर्षांची धरली तर साधारण सहाशे ते हजार वर्षं. ही मिश्रणाची वेळ आहे, आगमनाची नव्हे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आमच्या पूर्वजांची सात जोडपी वाचली, ही आमच्या आजीने सांगितलेली कथा त्यामुळे खरीही ठरत नाही आणि खोटीही. माझी मातृरेषा, म्हणजे आईची आई, तिची आई अशी मागे जाणारी ओळ, भारतात सर्वत्र आढळणाऱ्या एम गटातली निघाली. अभ्यासाशी ते जुळतं.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ‘मग तुम्ही खरे ज्यू किती टक्के?’ हा प्रश्न मला इथे चांगल्या शिकलेल्या लोकांनीही विचारला. इस्रायलला गेलेल्या आमच्या माणसांना लग्नं लावताना हाच संशय सोसावा लागला, त्यांनी निदर्शनं केली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या सरकारने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू मानलं. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आणि त्यामुळे शनवार तेली म्हणवल्या गेलेल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या जे पाळलं, ते लाळेच्या नळीत मोजता येत नाही. या टेस्टचा असा उपयोग कुणी करत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

आता जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीबद्दल. आईचा रिझल्ट आल्यावर साइटने माझे मॅच, म्हणजे हे जुळणारे लोक, आईकडचे आणि बाबांकडचे असे वेगळे करून दाखवले. बाबांकडचे मोजकेच, कोकणातल्या मराठा घरांतून टेस्ट केलेले लोकच कमी. आईकडे मात्र पानंच्या पानं. हिब्रू नावं आणि पुढे पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावाची आडनावं. पण इथे आकडे फसवतात. सख्ख्या मावस-मामे भावंडांत सरासरी ८५० ते ९०० सेंटिमॉर्गन (जुळणारा डीएनए मोजायचं एकक) जुळतं, ज्यांचे आजी-आजोबा सख्खी भावंडं होते त्यांच्यात २३० च्या आसपास. आमच्या समाजात शतकानुशतकं आपापसांतच लग्नं झाली, त्यामुळे दूरचा माणूसही पाच-सहा बाजूंनी नात्यात असतो आणि बेरीज फुगते. साइट ज्याला जवळचा भाऊ म्हणते तो बराच लांबचा निघतो. म्हणून एकूण बेरजेपेक्षा सर्वात लांब सलग तुकडा किती आहे ते बघा. बेरीज मोठी पण सगळे तुकडे बारीक असतील तर नातं जुनं. सारस्वत, पारशी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, अशा आपापसांत लग्नं करणाऱ्या कुठल्याही समाजाला हे लागू आहे.

त्या यादीतल्या, इस्रायलमधल्या लोद शहरातल्या एका बाईंना मी इंग्रजीत लिहिलं. उत्तर आलं ते रोमन लिपीतल्या मराठीत: आजी पेणची की पोयनाडची? त्यांच्याकडे एका मलिद्याचा, म्हणजे आमच्या समाजातल्या आभाराच्या विधीचा, फोटो होता. ताटात गोड पोहे, वर खोबरं आणि फळं, मागे ओळीने बसलेल्या नऊवारीतल्या बायका. त्यातली एक आईने नाव घेऊन ओळखली, तिच्या आजीची धाकटी बहीण. ती इस्रायलला गेल्यावर पत्रव्यवहार तुटला होता.

खासगीपणाचं मात्र गंभीरपणे घ्या. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीची सुमारे १४ हजार खाती जुन्या, दुसरीकडे वापरलेल्या पासवर्डमुळे फुटली, आणि नातेवाईक दाखवण्याच्या सोयीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. अश्केनाझी ज्यूंच्या याद्या विकायला ठेवल्या गेल्या. मार्च २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. नातेवाइकांची यादी सुरू ठेवायची की बंद, हे घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र विचारा. आईने सुरू ठेवली, बाबांनी बंद केली, आणि दोघांच्या खात्यांना वेगळे पासवर्ड व दुहेरी लॉगिन लावलं. नमुना लॅबने नष्ट करावा यासाठीही सेटिंगमध्ये पर्याय असतो. तो आम्ही चौघांनी निवडला.

आईच्या वडिलांची पुरुषरेषा अजून राहिली आहे. ती आईकडे नाही आणि भावाकडेही नाही, फक्त मामाकडे आहे, कारण ती बापाकडून फक्त मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरून कळते. मामा तयार आहे. पुढच्या वर्षी तो इकडे येईल तेव्हा करू.